मुक्या जिवाचे आपण काय लागतो?

निगडी प्राधिकरणातील बंगल्यापासून भोसरीच्या भाड्याच्या खोलीपर्यंत आणि आकुर्डीच्या जुन्या चाळीपासून चाकणच्या नव्या इमारतींपर्यंत, मांजर नाही अशी वस्ती आपल्या या औद्योगिक पट्ट्यात शोधूनही सापडणार नाही. बहुतेक घरी ते कुणी विकत आणलेले नसते. पावसाळ्यात एखादे भिजलेले पिल्लू दाराशी येते, मुले त्याच्यापुढे वाटीभर दूध ठेवतात आणि महिन्याभरात ते घरचे होऊन जाते. मग एके रात्री पत्र्यावर भांडणाचा कर्कश आवाज उठतो आणि सकाळी घरचा बोका लंगडत, कान फाटलेला, अंगावर रक्त सुकलेले अशा अवस्थेत परत येतो. त्या वेळी घरात जो प्रश्न उभा राहतो तो वरवर पाहता व्यवहाराचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. या जखमी जिवासाठी आपण किती करावे? आणि का करावे?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. एक म्हणते, ‘जनावरच ते, चाटून चाटून आपोआप बरे होईल.’ दुसरे म्हणते, ‘ते घरचेच माणूस आहे, कितीही खर्च होवो.’ दोन्ही उत्तरे विचाराचा त्रास वाचवतात, म्हणून ती लोकप्रिय आहेत. आपण ती जरा तपासून पाहू.

पहिले उत्तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. मांजराचे सुळे बारीक आणि अणकुचीदार असतात. ते कातडीत खोल शिरतात. पण वरचे छिद्र इतके लहान असते की ते एक-दोन दिवसांत मिटून जाते. दातांवरचे जंतू मात्र आतच अडकून राहतात. दोन ते चार दिवसांत तेथे गळू होते, ताप चढतो, मांजर कोपऱ्यात किंवा पलंगाखाली जाऊन बसते आणि खाणे सोडते. म्हणजे जेव्हा ‘जखम भरली’ असे आपल्याला वाटते, नेमकी तेव्हाच ती आत चिघळत असते. मांजर ओरडून दुखणे सांगत नाही, ते लपते. कित्येक दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतावर चरबी साचून त्याचा जीव जाऊ शकतो. उपचार तसा साधा आहे. पशुवैद्याने गळू फोडून पू काढायचा, आतली जागा धुवायची आणि योग्य ते प्रतिजैविक द्यायचे. घरी कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने शेक द्यायचा, जखम चाटू द्यायची नाही, अन्नपाणी जवळ ठेवायचे आणि निवांत जागा द्यायची. वेळीच लक्ष गेले तर पैशापेक्षा लक्षच अधिक लागते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण तिच्यात नीतीचाही धडा आहे. घरात तापावर घेतली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष ठरते. आपले यकृत ते औषध ज्या रीतीने निकामी करते ती रीत मांजराच्या शरीरात फार दुबळी आहे; अर्धी गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. जखमेवर ओतली जाणारी फिनॉल वर्गातील जंतुनाशकेही त्याला अपायकारक असतात, कारण ते अंग चाटते. ‘जे मला मानवते ते त्यालाही मानवेल’ हा भाबडा प्रेमभाव येथे प्राण घेतो. खरी माया दुसऱ्याचा स्वभाव आणि प्रकृती ओळखून घेण्याचे कष्ट करते. हे मांजराइतकेच घरातल्या आजारी वृद्धाच्या, मुलाच्या, शेजाऱ्याच्या बाबतीतही खरे नाही काय?

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. ‘कितीही खर्च होवो’ असे म्हणणाऱ्यापुढे आपल्या भागात एक माणूस येऊन उभा राहतो. तो चाकणच्या एखाद्या लहान कारखान्यातील कंत्राटी कामगार आहे. प्रेस मशिनखाली त्याची बोटे गेली आहेत. विमा योजनेत आपले नाव नोंदले होते की नाही, हे त्याला अपघातानंतर कळते. तो विचारतो, ‘तुमच्या मांजराच्या पंजाला मलमपट्टी आहे, माझ्या हाताचे काय?’ हा प्रश्न टाळून प्राणिदयेवर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात या प्रश्नाला सरळ हात घातला आहे. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती आहे आणि माणसे त्यांना दयेचे देणे लागतात. त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तो ग्रंथ सांगतो. त्याच ठिकाणी तो असेही बजावतो की, जो पैसा आधी माणसाचे दुःख निवारण्यासाठी लागायला हवा तो प्राण्यांवर उधळणे योग्य नव्हे, आणि जे प्रेम केवळ माणसांच्या वाट्याचे आहे ते प्राण्यांकडे वळवू नये. पुष्कळदा एक पक्ष यातील पहिला भाग वाचतो आणि दुसरा पक्ष दुसरा. दोन्ही एकत्र वाचले म्हणजे तोल दिसतो: दया हे देणे आहे, आणि त्या देण्याला क्रम आहे.

पण क्रम म्हणजे बहिष्कार नव्हे. घरात मोठ्या मुलाची फी आधी भरावी लागते, म्हणून धाकट्याला कुणी उपाशी ठेवत नाही. शिवाय अनुभव असा की, ‘आधी माणसांचे बघा’ हे वाक्य मांजराच्या औषधाच्या वेळी जितक्या हिरिरीने उच्चारले जाते तितके ते नव्या मोबाइलच्या, लग्नातील जेवणावळीच्या किंवा गाडीच्या खरेदीच्या वेळी ऐकू येत नाही. गरिबाचे नाव पुढे करून मुक्या जिवाला नाकारायचे आणि वाचलेला पैसा गरिबालाही द्यायचा नाही, यात दोघांचीही फसवणूक आहे. कंत्राटी कामगाराचा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर त्याला न्याय्य वेतन, सुरक्षित यंत्र आणि विम्याचे संरक्षण मिळवून देण्यात आहे. मांजराला तडफडत ठेवल्याने त्याचे बोट परत येत नाही.

पवित्र शास्त्रात मांजराचा उल्लेख शोधू गेल्यास तो जवळजवळ सापडतच नाही. कॅथॉलिक बायबलमधील बारूखच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, निर्जीव मूर्तींच्या अंगावर पक्षी बसतात तशी मांजरेही बसतात, एवढाच तो आला आहे. परंतु प्राण्याविषयीच्या कर्तव्याबद्दल शास्त्र मौन पाळत नाही. शत्रूचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तरी त्याला मदत करावी, असा दंडक निर्गमाच्या पुस्तकात आहे. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रे सांगतात. शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेला बैल कोण वर काढणार नाही, असे प्रभू येशू विचारतो. हे ऐकणाऱ्यांना पटेलच, हे त्याने गृहीत धरलेले आहे. योनाच्या पुस्तकाच्या अखेरीस निनवे नगरीवर दया करताना परमेश्वर तेथील एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांबरोबर पुष्कळशा गुराढोरांचाही उल्लेख करतो. माणसे आधी आली आहेत, पण गुरे वगळलेली नाहीत.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार अधिक काटेकोरपणे मांडला. प्राण्याला बुद्धियुक्त आत्मा नाही, म्हणून माणसाशी असते तसे मैत्रीचे नाते त्याच्याशी असू शकत नाही, असे ते म्हणतात. परंतु जो प्राण्यांविषयी कनवाळू असतो त्याचे मन माणसांविषयीही कनवाळू होते, हेही ते मान्य करतात. पुष्कळांना हे उत्तर अपुरे वाटते. दया ही केवळ माणसाच्या सरावासाठी, आणि बोका हा सरावाचे साधन, असे त्यातून ध्वनित होते की काय? २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी एक पाऊल पुढे टाकले. प्रत्येक जिवाला परमेश्वराच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे; तो केवळ आपल्या उपयोगासाठी नाही, असे त्यांनी लिहिले. त्याच परिपत्रकात त्यांनी प्राण्यांसाठी कळवळणाऱ्या आणि माणसांच्या विक्रीकडे व गरिबांकडे दुर्लक्ष करणाऱ्या वृत्तीतील विसंगतीही दाखवून दिली. जानेवारी २०२२ मध्ये, मुलांच्या जागी कुत्री-मांजरी पाळणाऱ्या जोडप्यांविषयी त्यांनी केलेल्या टीकेमुळे बरेच प्राणिप्रेमी दुखावले गेले. पण दोन्ही विधाने एकाच मनातून आली होती. माणसाचे अंतःकरण एकच असते. त्याचे एक दालन निष्ठुर ठेवून दुसरे कोमल ठेवता येत नाही.

हा विचार महाराष्ट्राच्या मातीला परका नाही. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणारे एकनाथ, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, यांच्या कथा आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितल्या आहेत. मांजर मारल्यास सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूतही गावोगाव आहे. मात्र भीतीने पाळलेला नियम आणि करुणेने केलेली सेवा यांत अंतर आहे. सोन्याच्या मांजराची धास्ती हात उगारण्यापासून थांबवील. पू धुण्यासाठी हात पुढे करायला ती पुरी पडणार नाही.

पिंपरीत राहणाऱ्याने तर आणखी एक ऋण आठवावे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला आणि देशात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्या औषधाच्या आरंभी काय आहे? २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्ड येथे फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. ते चार वाचले. बाकीचे चार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मेले होते. त्या मुक्या जिवांच्या मरणातून आपली किती तरी मुले जगली. आज चावलेल्या मांजराला पशुवैद्य बहुधा पेनिसिलिनच्याच कुळातले औषध देतो. ज्या औषधाची वाट प्राण्यांच्या देहावरून आली, ते प्राण्याच्या जखमेला देणे हा उधळेपणा म्हणावा काय?

तरीही रस्त्यावरच्या प्रत्येक मांजराचे सारखेच देणे आपल्यावर आहे, असे म्हणता येणार नाही. माझ्या मते देण्याचे मूळ त्या दुधाच्या वाटीत आहे. ज्या दिवशी आपण त्याला दाराशी अन्न दिले आणि त्याने आपल्या घरावर विश्वास टाकला, त्या दिवशी एक न लिहिलेला करार झाला. भुकेसाठी ते आपल्यावर विसंबले. मग दुखण्यातही ते आपल्याच दाराशी येणार. देशाचा कायदाही हेच मानतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याच्या कल्याणाची काळजी घेण्याचे कर्तव्य टाकले आहे, आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे.

हा करार घरात कोण पाळतो, हेही पाहिले पाहिजे. मुले हट्ट धरतात, वडील होकार देतात आणि शेक देणे, पू पुसणे, औषध भरवणे हे सारे आईच्या वाट्याला येते. ती आधीच स्वयंपाक, पाणी आणि कदाचित स्वतःची नोकरीही सांभाळत असते. दया एकाने ठरवायची आणि सेवा दुसऱ्याने करायची, हे न्यायाचे नव्हे. ज्या मुलाने पिल्लू आणले त्याने वाटी धुवावी. पहिली पाळी संपवून आलेल्या बापाने संध्याकाळी फडके कोमट करावे. अशा घरात मूल परोपकाराचा धडा पुस्तकाबाहेर शिकते. त्याचबरोबर घरच्या माणसांचे रक्षण हेही कर्तव्यच आहे. जखमी मांजर मायेच्या हातालाही चावते. ते चावले वा ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. रेबीजच्या बाबतीत हयगय नको.

आणि जखमेआधीचेही कर्तव्य आहे. बोके मुख्यतः हद्दीसाठी आणि मादीसाठी भांडतात. निर्बीजीकरण केल्यास त्यांची भटकंती आणि मारामाऱ्या पुष्कळच कमी होतात. माणसाच्या निर्बीजीकरणाविषयी धर्मसभेची जी शिकवण आहे ती माणसाच्या प्रतिष्ठेवर आधारलेली आहे. ती प्राण्याला लावून संकोच करण्याचे कारण नाही. दर पावसाळ्यात पिल्ले पोत्यात घालून नदीकाठी सोडून येण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी दयेचा आहे.

आपल्याकडील भक्तिशास्त्रात ‘मार्जारकिशोर न्याय’ प्रसिद्ध आहे. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते. मांजराचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. देवाच्या कृपेपुढे माणूस असाच असतो, असे तो दृष्टांत सांगतो. मांजरीचे तेच सुळे वैऱ्याच्या कातडीत खोल रुततात आणि तेच पिल्लाच्या मानेवर ओरखडाही उमटू देत नाहीत. तिला हे निसर्गाने शिकवले आहे. आपल्या हातांना मात्र ते रोज ठरवावे लागते: कारखान्यात यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाविषयी, आणि घरी कोपऱ्यात लपून बसलेल्या जिवाविषयीही.