पोथी आणि पोथीतला

बिलोलीत आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती आजी राहत असे. तेलंगणाची सीमा इथून जवळच; मांजरेपलीकडे तेलुगू, अलीकडे मराठी, आणि बाजाराच्या दिवशी दोन्ही भाषा एकमेकींत मिसळलेल्या. आजीची प्रार्थना तेलुगूत चाले, तिच्या कोनाड्यातले पवित्र शास्त्र मराठीत होते, आणि वाचता तिला दोन्हींतले काहीच येत नव्हते. तांबड्या फडक्यात बांधलेला तो ग्रंथ ती रोज दिवेलागणीला खाली काढी, गाठ सोडी, ग्रंथ डोळ्यांना लावी आणि पुन्हा बांधून ठेवी. वाचणारे कोणी घरी आले की त्याच्यापुढे तो ठेवून म्हणे, “वाच लेकरा, जिथं उघडंल तिथनं.”

एका तरुण प्रचारकाने तिला एकदा बजावले की, ही ग्रंथाची पूजा झाली, देवाची नव्हे. माझेही मत त्या काळी तेच होते. आता ते तसेच राहिले आहे असे मला छातीठोकपणे म्हणवत नाही. आणि म्हणूनच हा प्रश्न पुन्हा एकदा उकलून पाहावा असे वाटले. देवावर प्रेम करणे आणि देवाच्या शास्त्रावर प्रेम करणे ही एकच गोष्ट आहे काय?

आमच्या या मुलखात हा प्रश्न ख्रिस्ती माणसापुरता नाही. १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी आपल्यामागे देहधारी गुरू न ठेवता ग्रंथालाच गुरुपद दिले. बिलोलीच्या जुन्या दगडी मशिदीत कुराणाला पाठ करून कोणी बसत नाही. पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध करण्यासाठी जे श्रम घेतले, ते केवळ विद्वत्तेचे श्रम होते असे कोण म्हणेल? ग्रंथ उराशी धरणे इथल्या मातीला परके नाही. मात्र ख्रिस्ती धर्माची एक अडचण आहे, आणि तीच त्याची खोडही आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ‘शब्द’ म्हटले आहे ते पुस्तकाला नव्हे, एका व्यक्तीला. आणि त्या व्यक्तीने स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही. तो लिहिताना दिसतो तो एकदाच, धुळीत, बोटाने; तेही काय लिहिले ते कोणी टिपून ठेवलेले नाही.

शास्त्र म्हणजे देवाचे पत्र, हा दृष्टान्त प्रवचनांतून नेहमी कानी पडतो. पत्रावर प्रेम करायचे ते पत्र लिहिणाऱ्यासाठी, कागदासाठी नव्हे, असे त्यातून सुचवायचे असते. दृष्टान्त गोड आहे, पण पुरता पडत नाही. परगावी गेलेल्या मुलाचे पत्र आई उशाशी ठेवते, कारण मुलगा तिने आधी पाहिलेला असतो. ज्याने पत्र लिहिणाऱ्याला कधीच पाहिले नाही, त्याची ओळख पत्रातूनच व्हायची. त्याने पत्र बाजूला सारून ‘माझे प्रेम लिहिणाऱ्यावर आहे’ म्हटले, तर ते प्रेम नेमके कोणावर? बहुधा स्वतःच्या कल्पनेवर. शास्त्र टाकून देवाला धरू पाहणारे पुष्कळ लोक अखेर स्वतःच्याच स्वभावाला देव म्हणू लागलेले आपण पाहतो. तेव्हा पोथीची बाजूही हलकी नाही.

हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यात अक्षरशः जगला गेला अशा महाराष्ट्रातल्या व्यक्ती शोधू लागले तर पहिले नाव पंडिता रमाबाईंचे घ्यावे लागते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराण सांगणारे. कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, देवळांतून पुराणे वाची, आणि लोक दक्षिणा देत. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना संस्कृत कळत नसे; कळावे अशी कोणाची अपेक्षाही नसे. कानावर पडले की पुण्य झाले. रमाबाईंना लहानपणीच भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते. पुढे दुष्काळात, १८७४ साली, आईवडील दोघेही गेले. त्यांनी व्रते, दाने, अनुष्ठाने, शास्त्रात सांगितलेले सारे केले होते. पोथीवरचे प्रेम म्हणून जे काही असते ते त्या घरात ओतप्रोत होते. आणि तरीही ती मुलगी रिकाम्या हातांनी आणि रिकाम्या मनाने त्यातून बाहेर पडली.

१८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे लवकरच खटके उडू लागले. त्यांच्या त्या पत्रव्यवहारातली (तो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला) त्यांची भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता दुसऱ्याचे चढवून घेणार नाही. शास्त्रात असेल ते मानीन, बिशप म्हणतात म्हणून मानणार नाही. इथे शास्त्रप्रेम हे स्वातंत्र्याचे साधन आहे. पुस्तक हाती असलेली एकटी बाई साऱ्या धर्मपीठासमोर उभी राहू शकली ती पुस्तकामुळेच. शास्त्रावरील प्रेमाला सरसकट अक्षरपूजा म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

पण कथा इथे संपत नाही. आपल्या १९०७ सालच्या आत्मनिवेदनात रमाबाई मागे वळून सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे कोणी निंदकाने म्हटलेले नाही. जिने शास्त्रासाठी बिशपांशी वाद घातला तिनेच म्हटले आहे. म्हणजे भेद खरा आहे. शास्त्र पटलेले असू शकते, त्याच्यासाठी झगडताही येते, आणि ज्याच्याविषयी ते आहे तो तरीही दूर असू शकतो.

आणि आता पाहा. ख्रिस्त भेटल्यावर या बाईंनी काय केले? पोथी बाजूला ठेवली नाही. उलट हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे खर्चून, केडगावच्या मुक्तिसदनात सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवले. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली आणि विधवा त्याचे खिळे जुळवीत होत्या. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले. मुद्रिते तपासण्याचे काम पुरे होईपर्यंत आपल्याला आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली होती, अशी आठवण सांगतात. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ज्या मुलीने न कळणारे संस्कृत देवळादेवळांतून वाचले होते, तिने म्हातारपणी अडाणी बाईला कळेल असे शास्त्र करण्यासाठी देह झिजवला. अर्थ नसलेले पुण्य तिने पाहिले होते. मला तर वाटते की, हे भाषांतर म्हणजे त्या जुन्या पुराणवाचनाला तिने दिलेले उत्तरच होते, मग तसे ती कधी म्हणालेली असो वा नसो.

रेव्हरंड टिळकांचा मार्ग निराळा. १८९३ साली आगगाडीत एका परक्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना पकडले. सुरुवात पुस्तकापासूनच झाली. पण पुढे त्यांचे प्रेम अभंगांतून वाहिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत, आणि शेवटी, १९१७ साली, मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. त्यांना पानांच्या आत बसवत नव्हते. असे असूनही अखेरीस हाती घेतले ते ‘ख्रिस्तायन’, म्हणजे शुभवर्तमानाचीच कथा. ती अपुरी राहिली आणि लक्ष्मीबाईंनी पुरी केली. त्याही आधी तीनशे वर्षे, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापले तेही हेच करीत होते. देवावर प्रेम करणाऱ्याला पोथी पुन्हा सांगावीशी वाटते, हे काही उगाच नव्हे.

मग अक्षरपूजा कशाला म्हणावे? यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. राजापुढे शेगडी पेटलेली आहे. सेवक गुंडाळी वाचतो आहे, आणि तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने ते कापून आगीत टाकतो आहे. गुंडाळी जळून जाते. यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, बारूखाकडून सारे पुन्हा लिहवतो, आणि त्यात आणखी भर घालतो. कागद जळाला म्हणून तो रडत बसला नाही, आणि कागदाचे काय एवढे म्हणून गप्पही राहिला नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा ते तेरा दिवस धरणे धरून बसले असे सांगतात. तेही मला वह्यांसाठी बसलेले वाटत नाहीत, पण वह्यांवाचून उठण्यासाठी बसलेलेही वाटत नाहीत. दोन्ही ठिकाणी पोथी गेल्यावर माणूस कोणाकडे तोंड करतो हे दिसते. येशूही आपल्या काळच्या शास्त्र्यांना एवढेच विचारतो की, तुम्ही ग्रंथ इतका धुंडाळता, आणि तो ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याच्याकडे यायचे का टाळता? धुंडाळू नका असे तो म्हणत नाही.

हे सगळे मी आज लिहितो आहे. आजीच्या वेळी माझ्याजवळ यातले काही नव्हते; अध्याय आणि वचनांचे आकडे तेवढे होते.

उधळ्या पुत्राचा दाखला आजी मुलांना सांगत असे. तिच्या सांगण्यात मुलगा वेशीपाशी दिसला की बाप धावतच सुटे, आणि त्याच्यामागून माय धावे. तिच्या हाताला पीठ लागलेले, चुलीवरची भाकर तशीच टाकून. मुले दर वेळी त्या भाकरीचे काय झाले ते विचारीत. आजी म्हणे, “करपली. करपू द्या.” एका संध्याकाळी मी मध्येच म्हणालो की, आजी, शास्त्रात माय नाही. लूक, अध्याय १५. बाप आहे, दोन मुलगे आहेत, चाकर आहेत, पोसलेले वासरूही आहे. आईचा उल्लेख नाही. फडके सोडून मी ते वाचूनही दाखवले.

ती जरा वेळ ग्रंथाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मग माय कुठं गेली व्हती, बाबा?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. वचनात नाही ते नाही, असे काहीतरी मी बोललो. वाचन बरोबर होते. आजही बरोबर आहे. शास्त्रात भर घालू नये हेही मला मान्य आहे. पण त्या संध्याकाळी मला शास्त्राची काळजी होती की माझ्या आकड्यांची, हे मी स्वतःला पुढे अनेकदा विचारले आहे. तिने ग्रंथ डोळ्यांना लावला, नेहमीसारखी गाठ मारली आणि कोनाड्यात ठेवला. तो दाखला तिने मुलांना पुन्हा सांगितलेला मी ऐकला नाही. मुले भाकरीचे विचारीत, तेव्हा ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, “त्याला इचारा, त्यानं वाचलंय.”