पाचवी चिमणी

गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे, हे वाक्य न लिहिता शाळेतून बाहेर पडलेला मराठी माणूस सापडणे कठीण. दूध, शेण, गोवऱ्या, शेतीसाठी बैल अशी गायीची सारी जमाखर्चाची वही आपण लहानपणी पाठ केली. पुढे गांडूळ आणि साप हे शेतकऱ्याचे मित्र झाले, उंदीर शत्रू झाला, कडुलिंब औषधी ठरला आणि ज्याचे काहीच करता येत नाही ते तण. आज आपली मुले बालवाडीत रंगीत तक्त्यांवरून हेच शिकत आहेत. यातली माहिती बहुतेक खरी आहे. (गाय दूध 'देते' हे तेवढे खरे नाही. ती वासराला देते, त्यातले आपण घेतो.) प्रश्न आहे तो या माहितीबरोबर मुलाच्या मनात नकळत जाणाऱ्या मापाचा. जे माझ्या उपयोगी ते चांगले, हे ते माप.

तीन-चार वर्षांच्या मुलाला विहिरीच्या काठावरचा बेडूक दाखवा. 'हा काय करतो? कुठे राहतो? याची आई कुठे आहे?' असे ते विचारील. 'याचा उपयोग काय?' असे ते विचारणार नाही. तो प्रश्न त्याला मोठी माणसे शिकवतात.

पवित्र शास्त्राचे पहिले पान या बाबतीत फार स्पष्ट आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात तिसऱ्या दिवशी वनस्पती उगवतात, पाचव्या दिवशी मासे व पक्षी येतात, सहाव्या दिवशी जनावरे येतात, आणि प्रत्येक वेळी देव पाहतो की ते चांगले आहे. माणूस अजून निर्माण व्हायचा आहे. गायीचे दूध काढायला कोणीच नसताना गाय चांगली ठरलेली आहे. ईयोबच्या पुस्तकात तर देव ईयोबला मुद्दाम निरुपयोगी प्राणीच दाखवतो. नांगराला न जुंपला जाणारा रानबैल, शहराच्या गोंगाटाला हसणारे रानगाढव, अंडी जमिनीवर सोडून जाणारे शहामृग. जिथे माणूस राहत नाही तिथेही पाऊस पाडणारा मी आहे, असे देव त्याला सुनावतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याचे कारण मांडले. देवाचा चांगुलपणा एवढा मोठा, की तो एका प्राण्यात मावणारा नाही, म्हणून निर्मिती इतकी नाना प्रकारची आहे. खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यानेही देवाविषयी काहीतरी सांगायचे असते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात तेच सांगितले, की आपल्यामुळे ज्या जाती नष्ट झाल्या, त्या आता आपल्या अस्तित्वाने देवाचे गौरव करणार नाहीत.

प्रभू येशूच्या तोंडी चिमण्यांचा बाजारभाव दोनदा आला आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात दमडीला दोन चिमण्या, लूकच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांना पाच. हिशेब करून पाहा. दोन दमड्यांना चारच यायला हव्यात. पाचवी वर फुकट टाकलेली आहे, जशी आपली भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते. बाजारात जिची किंमत शून्य, त्या चिमणीचाही देवाला विसर पडत नाही, असे येशू सांगतो. लगेच पुढे तो म्हणतो, की तुम्ही पुष्कळ चिमण्यांपेक्षा मोलाचे आहात. तेव्हा माणूस आणि चिमणी सारखीच, असे कोणी शिकवू लागला तर ते ख्रिस्ती शिक्षण नव्हे. चर्चची धर्मशिक्षणाची पोथीही दोन्ही बाजू धरून आहे. प्राण्यांना विनाकारण त्रास देणे वा मारणे माणसाला शोभत नाही, तसेच माणसाच्या दुःखावर खर्च व्हायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही.

पण माणूस मोलाचा का, हे मुलाला कोणत्या मापाने कळणार? घरात खाटेला खिळलेली आजी आहे. ती आता स्वयंपाक करीत नाही, वाडीत फुले खुडत नाही, नातवाला सांभाळत नाही. दहा वर्षे 'उपयोग काय' हाच प्रश्न घोकलेले मूल त्या खोलीच्या दाराशी आले म्हणजे काय विचार करील? गर्भात व्यंग आढळलेल्या बाळाविषयी पुढे काय ठरवील? आपण प्रवचनात जीवनाच्या पावित्र्यावर बोलतो, ते योग्यच आहे. मात्र ते माप त्याच्या हातात आपणच बेडकाजवळ, तणाजवळ दिलेले असते.

यावर कोणी विचारील, मग डास मारायचा नाही काय? जरूर मारायचा. डेंग्यूने तापलेल्या मुलाच्या आईला हा प्रश्न विचारायचीही गरज नाही. तो अपाय करतो म्हणून मारणे वेगळे, आणि त्याला किंमतच नाही असे म्हणून गंमत म्हणून चतुराच्या शेपटीला दोरा बांधणे वेगळे. मुलांना हा फरक समजतो. समजावून सांगणारा हवा.

खरी अडचण येते ती घरच्या कोंबडीपाशी. सणाच्या आधी महिनाभर मुलाने जिला दाणे टाकले, नाव ठेवले, ती एका सकाळी दिसत नाही आणि दुपारी ताटात रस्सा असतो. 'कोंबडी कुठे गेली?' 'उडून गेली.' असे उत्तर सोयीचे आहे, पण ते खोटे आहे, आणि मुलाला ते बहुधा कळतेही. एदेन बागेत माणसाला आहार म्हणून झाडपाला व फळेच दिली होती. मांस खाण्याची मुभा जलप्रलयानंतर मिळाली, तीही रक्त न खाण्याच्या अटीवर, कारण जीव देवाचा. म्हणजे खाण्याची परवानगी आहे, पण जीव घेतला आहे हे विसरण्याची नाही. तेव्हा मुलाला जवळ घेऊन सरळ सांगावे. ती आपली कोंबडी होती, आपण तिला मारले, तिला फार त्रास होऊ दिला नाही, आता आपण तिच्यासाठी देवाचे आभार मानून जेवणार आहोत. जेवणाआधीची प्रार्थना आपण भरभर उरकतो, ती त्या दिवशी जरा सावकाश म्हणावी.

एखादे मूल रडेल आणि रस्सा नको म्हणेल. त्याला हसू नये, जबरदस्तीही करू नये. डाळभात वाढावा.