शंभर वर्षांची अट

नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे 300 शिळावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नाकने एकोणिसाव्या शतकात त्यांतली काही उकरली. लोहयुगातली ही दफने. पुरणाऱ्यांचे नाव, भाषा काहीच उरलेले नाही. त्याच विदर्भात, भामरागडच्या बाजूला, माडिया गोंड आजही मृतासाठी दगड उभा करतात.

1958 च्या कायद्याप्रमाणे प्राचीन स्मारक ठरायला किमान 100 वर्षे व्हावी लागतात. म्हणजे जुनापाणीचा दगड वारसा, आणि माडियाने परवा रोवलेला नुसताच दगड. तो कुणाचा, हे सांगणारी माणसे गेल्यावरच तो संरक्षणास पात्र होणार.

खासी भाषेत अशा शिळेला ‘मॉबिन्ना’ म्हणतात. मॉ म्हणजे दगड, बिन्ना म्हणजे कळवणे. आपण भाषांतरात ‘स्मारक’ लिहितो, तेव्हा दगड राहतो, कळवणे गळून पडते. कायद्याचेही तसेच होते.

जुनापाणी जपायलाच हवे. त्याला दुसरा वाली नाही. पण जिथे वाली आहेत, तिथे दगडाआधी त्यांचा जमिनीवरचा, जंगलावरचा हक्क जपावा लागेल. गाव उठवले तर जुना दगड संग्रहालयात नेता येतो. पुढचा दगड उभा करायला मात्र कुणी उरत नाही.