डब्लिनचा मुलगा, इंग्लंडचा कर्णधार

३ सप्टेंबर २०१३ रोजी डब्लिनजवळच्या मालाहाइडला आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यात एकदिवसीय सामना झाला. इंग्लंडचा कर्णधार ऑयन मॉर्गन डब्लिनमध्येच जन्मलेला. त्याने नाबाद १२४ धावा काढल्या. इंग्लंडकडून चार बळी घेणारा बॉइड रँकिन आदल्या वर्षापर्यंत आयर्लंडकडून खेळत होता. आयर्लंड हरले ते घरच्याच दोन मुलांकडून.

अशा खेळाडूंना फितूर ठरवणे सोपे असते. मला तो न्याय अपुरा वाटतो.

मॉर्गनची आई इंग्लिश. दोन्ही देशांवरचा हक्क त्याला जन्मानेच मिळाला होता. आयर्लंडकडून पहिल्याच एकदिवसीय सामन्यात, २००६ साली, तो ९९ धावांवर धावबाद झाला. २००७च्या विश्वचषकात पाकिस्तानला घरी पाठवणाऱ्या आयरिश संघात तो होता. त्या संघातले बरेचजण नोकरीधंदा सांभाळून खेळत. क्रिकेटवरच पोट भरायचे, तर आयरिश मुलाने इंग्लंडमधल्या काउंटीची वाट धरायची. मॉर्गननेही मिडलसेक्स गाठले. आणि कसोटी खेळायची तर इंग्लंडखेरीज पर्याय नव्हता, कारण आयर्लंडला कसोटीचा दर्जाच नव्हता. २००९च्या एप्रिलमध्ये विश्वचषक पात्रता स्पर्धेत आयर्लंडकडून खेळलेला मॉर्गन मे महिन्यात इंग्लंडच्या संघात दिसला. पुढे तो १६ कसोटी खेळला, त्यात त्याने दोन शतके केली.

नियमच त्याला अनुकूल होते. आयर्लंडसारख्या संलग्न देशाकडून इंग्लंडसारख्या पूर्ण सदस्य देशाकडे जाणाऱ्या खेळाडूला थांबावे लागत नसे. परत यायचे तर वर्षे मोजावी लागत. दार एकाच बाजूने उघडणारे होते. त्याची किंमत आयर्लंडच्याच एड जॉयसने मोजली. २००६च्या जूनमध्ये बेलफास्टला तो इंग्लंडकडून पदार्पण करत होता आणि समोरच्या आयरिश संघातून त्याचा भाऊ डॉमिनिक. २००७च्या विश्वचषकात इंग्लंडकडून खेळल्यानंतर पुन्हा आयर्लंडची जर्सी घालायला एडला २०११ उजाडले.

जून २०१७मध्ये आयर्लंड पूर्ण सदस्य झाले. २०१८च्या मे महिन्यात त्याच मालाहाइडला पाकिस्तानविरुद्ध आयर्लंडची पहिली कसोटी झाली. आयर्लंडसाठी कसोटीतला पहिला बळी रँकिनने घेतला. इंग्लंडकडून एक कसोटी खेळून तो परतला होता. जॉयस तेव्हा ३९ वर्षांचा होता. ती त्याची पहिली आणि शेवटची कसोटी. हा दर्जा दहा वर्षे आधी मिळाला असता, तर या तिघांपुढे अशी निवड करण्याची वेळ कदाचित आलीच नसती.

मॉर्गनच्या निष्ठेबद्दल शंका घेणाऱ्यांनी त्याचा खेळ पाहावा. २०१५च्या विश्वचषकात साखळीतच गारद झालेल्या इंग्लंडला त्याने निर्भयपणे खेळायला शिकवले आणि १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषक मिळवून दिला. दहा संघांच्या त्या स्पर्धेत आयर्लंडला जागा नव्हती, हेही विसरू नये. पुढच्याच वर्षी साउदॅम्प्टनला आयर्लंडविरुद्ध त्याने १०६ धावा केल्या. आयर्लंडने मात्र ३२९ धावांचे लक्ष्य गाठून सामना जिंकला. मायभूमीसमोर त्याने हात राखून खेळ केला नाही. व्यावसायिक खेळाडूचे इमान याहून वेगळे काय असते?

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला स्थान नाही, तरी देश बदलून खेळणारे आपलेही आहेत. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर २०१०च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, मुंबईकडून रणजी खेळला आणि पुढे अमेरिकेला गेला. २०२४च्या जूनमध्ये डॅलसला अमेरिकेकडून पाकिस्तानविरुद्धचे सुपर षटक त्यानेच टाकले, तेव्हा मराठी घराघरांत आनंद झाला. काही दिवसांतच न्यू यॉर्कला त्याने विराट कोहली आणि रोहित शर्माला बाद केले, तेव्हाही आपण त्याला परका म्हटले नाही. हेच मोठे मन मॉर्गनच्या वाट्यालाही यायला हवे.

ज्या देशात गुणी मुलगा तयार होतो, तिथेच त्याला सर्वोच्च दर्जाचे क्रिकेट मिळेल, अशी व्यवस्था उभारणे हे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे काम आहे. ते होत नाही तोवर खेळाडूच्या पासपोर्टवरून त्याच्या निष्ठेचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.