नंबर तेवढा जुना

बंदुकीशी माझा आयुष्यात दोनदाच संबंध आला. पहिला कॉलेजात, एन.सी.सी.त असताना. पॉइंट टू-टू रायफलीनं पाच गोळ्या झाडायला मिळाल्या. माझ्या फळीवर एकही भोक नव्हतं आणि शेजारच्या मुलाच्या फळीवर सहा होती. त्यालाही गोळ्या पाचच मिळाल्या होत्या, तेव्हा सहावं भोक माझं, एवढं बी.कॉम. होण्याआधीही मला कळलं. उरलेल्या चार गोळ्यांचा हिशेब आजतागायत जुळलेला नाही. दुसरा संबंध बँकेत. दाराशी आमचा गार्ड दुनळी बंदूक घेऊन बसतो आणि मी रोज सकाळी तिच्यासमोरून किंचित वाकून आत जातो. गार्डला वाटतं, मी त्याला नमस्कार करतो.

असा माझा अधिकार. तरीही गेल्या डिसेंबरात बंदुकीवरून मी दोन रात्री जागा राहिलो, त्याला कारण आमचा मेहुणा. हा ओहायोत असतो. बायको-मुलीला घेऊन दोन आठवड्यांसाठी आला आणि त्यातले चार दिवस आमच्याबरोबर निडीला राहिला. निडी म्हणजे दिवा-रोहा गाडीनं नागोठणं सोडलं की येतं ते स्टेशन. गाडी थांबते, कोणी उतरतं, कोणी चढतं, आणि पुढे रोहं. तिथे आमचे आबाकाका राहतात. भातशेती आहे, चार आंबे आहेत आणि एक ठासणीची बंदूक आहे.

पहिल्याच रात्री ओटीवर बसल्यावर मेहुणा म्हणाला, “भावोजी, माझी रायफल आता काय झालीय, तुम्ही ओळखणार नाही.”

मी ती आधीही पाहिलेली नव्हती, त्यामुळे ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. पण मेहुण्याला अडवू नये असा आमच्या घरी नियम आहे. नियम त्याच्या बहिणीचा.

ही रायफल म्हणजे रुगर टेन-ट्वेंटीटू. १९६४ पासून निघते आहे. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि दुसरी आपोआप नळीत येऊन बसते. चाप दाबून धरला की सुटतच राहते ती पूर्ण ऑटोमॅटिक. ती आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानं सामान्य माणसाला निषिद्ध आहे. रायफल रिमफायर आहे, हेही त्यानं समजावलं. काडतुसाच्या बुडाची जी कड असते, तिच्यात पेट घेणारा मसाला भरलेला असतो आणि ठोकणी कडेवर बसते. कड एकदा चेपली की ते काडतूस पुन्हा भरता येत नाही. मला आमच्या बँकेची आठवण झाली. तिथेही मध्यभागी शांतता असते आणि ठोका बसतो तो कडेच्या काउंटरवर.

तर मेहुण्यानं काय काय बदललं? चाप जड होता म्हणून चापाचा अख्खा संच बदलला. मग नळी. ती या रायफलीत दोन स्क्रूंवर असते, घरच्या घरी निघते. निघते म्हणून काढली आणि जाड नळी बसवली. जाड नळी जुन्या दस्त्यात मावेना, म्हणून दस्ता नवा. बोल्ट मागे येऊन ज्या लोखंडी खिळीवर आपटतो, ती काढून प्लॅस्टिकची घातली, आवाज कमी व्हावा म्हणून. पुढे बोल्टही बदलला. मॅगझीन तर किती, विचारू नका.

साफसफाईचं पुराण वेगळंच. या गोळ्या शिशाच्या, वर मेणाचा हात, त्यामुळे शिसं, मेण आणि काजळी यांचं काळं लोणी आत साचतं. बरं, रायफल मागून बंद, म्हणून नळी तोंडाकडून साफ करावी लागते. त्यात गज घासून नळीच्या तोंडाची कड झिजली की नेम गेलाच. म्हणून तो दोरीनं साफ करतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमचे हवालदार याला ‘फुलथ्रू’ म्हणत आणि टोकाला लावायच्या कापडाला ‘चिंधी’. सबंध भारतीय सैन्यात मला समजलेला तो एकमेव शब्द.

“म्हणजे आता जुनं काय राहिलं?” मी विचारलं.

“वरची पेटी. रिसीव्हर. तिच्यावर नंबर असतो ना.”

इथे माझी झोप उडाली. कारण नेमका हाच घोळ आमच्या शाखेत एका पंख्याच्या बाबतीत आहे. त्याची पाती बदलली, मोटार बदलली, पुढच्या वर्षी दांडी बदलली. पण वरच्या वाटीवर पांढऱ्या रंगात ‘डे. स्टॉ. १७’ असं लिहिलेलं आहे, म्हणून रजिस्टरात तो जुनाच पंखा, किंमत रुपये एक फक्त. दुरुस्ती महसुली खर्चात जाते, सुधारणा भांडवली खर्चात, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. पण दुरुस्ती करता करता वस्तूच दुसरी झाली तर घसारा कुणावर काढायचा, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तसा प्रश्न जुना आहे. थीसियसचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं आणि कुजेल ती फळी बदलत गेले. मग ते तेच जहाज की दुसरं, यावर तिथले पंडित भांडत, असं प्लुटार्क सांगतो. १६५५ मध्ये हॉब्ज नावाच्या इंग्रजानं त्यात पाचर मारली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून त्यांचं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? आणि आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी नागसेन भिक्षूनं मिलिंद राजाला विचारलं होतं, महाराज, आपण रथातून आलात, तर आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा नाही नाही म्हणत गेला आणि शेवटी रथ हे नुसतं नाव उरलं.

मी हे सगळं मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, “जुने पार्ट मी टाकले नाहीत हं. गॅरेजमध्ये खोक्यात आहेत. एक रिसीव्हर घेतला की दुसरी रायफल तयार!”

हॉब्जला मी मनातल्या मनात हात जोडले.

कायदा या भानगडीत पडत नाही. तो नंबर विचारतो. तिकडे रिसीव्हर म्हणजेच बंदूक, बाकीचं सगळं सामान. इकडे ज्या बंदुकीवर ओळखीची खूण नाही, ती विकणंही गुन्हा. कायदा आणि डेड स्टॉक रजिस्टर यांचं तत्त्वज्ञान एकच आहे, आणि माझ्या मते ते नागसेनाच्या बाजूचं आहे.

आबांची बंदूक शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर घेतलेली. दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं ती हातात घेऊन निरखली. गज दोनदा बदललेला, दस्त्याला तडा गेला तिथे तांब्याची पट्टी. बाकी सगळं होतं तसं. दर दसऱ्याला आबा ती शिवणयंत्राच्या तेलानं पुसतात, हळदकुंकू वाहतात आणि दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांच्या पालखीला रोह्याला जातात. तिथे पोलीस देवाला सशस्त्र मानवंदना देतात, ती बघायला. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि पावती पंचांगात ठेवायची. रानडुकरं भातात शिरली की नुसती दारू ठासून एक बार काढायचा. डुकरं पळतात, तासाभरानं परत येतात.

“आबा, एकही डुक्कर मारलं नाहीत?”

“मारायचं कशाला? ऐकू आलं की झालं.”

“मग एवढी जपता कशाला?”

“ठेवलीय म्हणून.”

याला उत्तर म्हणायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हत्यार ठेवलं की जपलं पाहिजे, इतपत मला पटतं. पण जपता जपता ते ठेवण्याचं कारणही आपोआप जपलं जातं आणि ते कारण कुणी उलटून बघत नाही, हे मला त्या ओटीवर प्रथम जाणवलं. जाणवून दिलं ते भाचीनं. पोरगी चौदा वर्षांची, मराठी समजते, बोलते जपून. ती इतका वेळ झोपाळ्यावर गप्प होती.

“बाबा, सगळं चेंज केलं, त्यानं ती कमी डेंजरस झाली?”

मेहुणा म्हणाला, “अगं, तशी नाही. नेम सुधारला. हा खेळ आहे.” आणि मग आम्हाला साक्षीला बोलावलं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटरचं सुवर्ण घेतलं ते याच जातीच्या पिस्तुलानं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ घेतलं ते याच काडतुसावर. दोन्ही खरं. मी मान डोलावली.

भाची म्हणाली, “आमच्या शाळेत ड्रिल असते. लाइट बंद, दार लॉक, सगळे एका कोपऱ्यात. बोलायचं नाही. मी दर वेळी विचार करते, ज्याच्या घरी असते त्याला किल्ली कशी मिळते.” आणि जरा थांबून, “मला आपल्या किल्लीची जागा माहीत आहे. सॉक्सच्या ड्रॉवरमध्ये.”

कुणी काही बोललं नाही. आबांनी तोंडातली सुपारी बाहेर टाकली. नळी, चाप, दस्ता, बोल्ट, सगळं बदललं होतं. कपाट मात्र दुकानातून आलं होतं तसंच होतं आणि त्याचं कुलूपही.

मेहुणा रात्री उशिरापर्यंत फोनवर तिजोऱ्यांच्या किमती बघत होता. मी त्याला आमच्या स्ट्राँगरूमचा कायदा सांगितला: दोन किल्ल्या, दोन माणसं, एकानं दुसऱ्याची बघायचीसुद्धा नाही. तो म्हणाला, “दुसरं माणूस कोण?” मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “मी तयार आहे. माझी किल्ली मी हरवीन.”

जानेवारीत त्याचा फोटो आला. नवी पोलादी तिजोरी, आकड्यांचं कुलूप, आणि खाली प्रश्न: “भावोजी, हा खर्च भांडवली की महसुली?” मी लिहिलं, भांडवली, आणि यावर घसारा काढू नको. आबांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि विचारलं, “याचा नंबर कुठाय?”

“नंबर फक्त त्याच्याच डोक्यात आहे, आबा.”

संध्याकाळी भाचीचा निरोप आला. नंबर तिनं दुसऱ्याच प्रयत्नात ओळखला होता. पहिल्यांदा तिनं आईची जन्मतारीख घालून पाहिली, मग स्वतःची.