काशीबाईंचा पिंगा

सातवीच्या एका मुलीने इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत लिहिले, 'काशीबाई व मस्तानी पिंगा खेळल्या.' मी तांबड्या शाईने काट मारली. ती म्हणाली, "सर, मी पाहिलंय!"

तिने पाहिला होता २०१५ सालचा 'बाजीराव मस्तानी' हा बोलपट. त्यात प्रेम दाखविले, ही माझी तक्रार नव्हे. थोरल्या बाजीरावांचे मस्तानीवर प्रेम होते. त्यापायी घरात कलह माजला, घरच्यांनी तिला कैदेत ठेवले. १७४० च्या एप्रिलात नर्मदाकाठी रावेरखेडीस राऊ गेले, पाठोपाठ तीही गेली. पाबळला तिची कबर आहे. एवढ्यावर कोणाही कथाकाराचे हात शिवशिवतील.

पण काशीबाई? सवत आली तेव्हा त्यांना काय वाटले असेल, ते आपण ऐकलेले नाही. त्या मौनाला आपण भरजरी नऊवारी नेसवली आणि सवतीबरोबर नाचायला उभे केले. जिवंत बाई 'नाही' म्हणाली असती. कोण जाणे, कदाचित 'हो'ही म्हणाली असती. मेलेल्या माणसाला दोन्ही म्हणता येत नाही.

हे लिहिताना माझीच लेखणी अडखळते. माझ्या एका कादंबरीत एक राणी आहे, इतिहासातलीच. नवरा दुसरीच्या महाली निघतो, तेव्हा ती हसून त्याचा शेला सारखा करते. वाचकांना ते पान फार आवडले. तिला विचारले कोणी? मीही नाही.

त्या मुलीचा गुण मी परत दिला नाही. उत्तरपत्रिका मात्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.