भूकंप कोणाच्या पापामुळे?

१ नोव्हेंबर १७५५, सकल संतांचा सण. लिस्बन शहरातील चर्चेस भाविकांनी भरली होती, वेदीवर मेणबत्त्या तेवत होत्या. सकाळी साडेनऊच्या सुमारास जमीन हादरू लागली. छपरे कोसळली. पडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आगी लागल्या. जीव वाचवण्यासाठी जे नदीकाठी धावले, त्यांच्यावर समुद्राची लाट आली. हजारो माणसे दगावली. ज्या पोर्तुगालहून आपल्या किनाऱ्यावर मिशनरी आले, त्याच देशाची ही राजधानी. मिस्साला गेलेले चर्चमध्येच गाडले गेले आणि न गेलेले काही वाचले, हे कोणत्या न्यायात बसते?

गाब्रिएल मालाग्रिदा या येशूसंघीय धर्मगुरूंपाशी उत्तर तयार होते. १७५६ साली त्यांनी एक पुस्तिका काढली. भूकंपाला नैसर्गिक कारणे शोधू नका, लिस्बनची पापेच त्याला कारण आहेत, असे त्यांनी लिहिले. निवाऱ्यासाठी झोपड्या उभारत बसण्यापेक्षा प्रायश्चित्त करा, असाही त्यांचा आग्रह होता. माणूस ढोंगी नव्हता, ब्राझीलमध्ये त्यांनी अनेक वर्षे खडतर सेवा केली होती. पण ज्याचे घर पडले आहे आणि ज्याचे मूल दगडांखाली आहे, त्याला तुझ्याच पापाचे हे फळ, असे सांगणे मला तरी क्रूर वाटते.

प्रभू येशूपुढेही हा प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले. ते यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक पापी होते का? नाही, असे प्रभूने स्पष्ट सांगितले (लूक १३). लगेच पुढे पश्चात्तापाचे आवाहनही आहे आणि मालाग्रिदांसारखे उपदेशक तेवढेच उचलतात. पण बंधू-भगिनींनो, ते आवाहन कोणाला आहे ते पाहा. ते ऐकणाऱ्यांना आहे. मेलेल्यांवर त्यात कसलाच आरोप नाही.

आज आपल्याला भूकंपाचे कारण बऱ्याच अंशी ठाऊक आहे. पृथ्वीचे कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. पोर्तुगालच्या नैर्ऋत्येला समुद्रतळाशी आफ्रिकेचा आणि युरोपचा भूपट्ट एकमेकांना रेटतात. आपला भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला आणि त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला. रेटा चालू असतो, पण खडक एकमेकांत अडकून बसतात. ताण साचत जातो आणि एके दिवशी खडक तुटून सरकतो. तो ताण भूपट्टाच्या कडेपासून दूर, आतल्या जुन्या भेगांपर्यंतही पोचतो. किल्लारी अशीच आतल्या भागात आहे.

मग कोणी म्हणेल, ज्या हालचालीने हिमालय दिला, त्यातून निघणाऱ्या नद्या आणि गंगेच्या मैदानातील गाळाची माती दिली, तीच हालचाल भूकंपही देते. निर्मितीची ही किंमत आहे. विचार खरा आहे. परंतु तो आपल्यासारख्या सुखरूप बसलेल्यांनी करावा. मूल गमावलेल्या आईला तो ऐकवू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ नुसते बसून होते तेव्हाच बरे होते, बोलू लागले आणि चुकले.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. गणेश विसर्जन करून गावे दमून झोपली होती. तीव्रता ६.२ होती, म्हणजे भूकंपाच्या मानाने मध्यमच. तरीही लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. काही अंदाज याहून मोठे आहेत. घरांच्या भिंती चांगल्या रुंद होत्या, पण दगडमातीच्या. दगडांना एकमेकांत धरून ठेवणारे काही नव्हते आणि वर माळवदाचा कित्येक टन मातीचा भार. माणसे मेली ती या भाराखाली. त्या लोकांना दोष देण्याचे कारण नाही, पिढ्यान्‌पिढ्या अशीच घरे उन्हात थंड राहत आली होती. दगडी भिंतीत आरपार जाणारे लांब दगड हवेत, दारांच्या वर घराभोवती सलग पट्टा हवा, हे अभियंत्यांना ठाऊक होते. ते ज्ञान त्या घरांपर्यंत कोणी नेले नव्हते.

लिस्बनमध्ये नवी घरे बांधताना भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घालण्यात आला. त्याची परीक्षा घेण्यासाठी नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली, असे सांगतात. त्याच काळात पंतप्रधान पोंबाल यांच्या सरकारने देशभरातील धर्मग्रामांना एक प्रश्नावली पाठवली. हादरा किती वाजता बसला आणि किती वेळ टिकला? एका बाजूने अधिक जाणवला का? किती घरे पडली, किती माणसे मेली? समुद्र आधी मागे हटला की आधी चढला? झऱ्यांच्या पाण्यात काही फरक पडला का? पापाविषयी त्यात प्रश्न नव्हता. गावोगावच्या धर्मगुरूंनी बसून, आठवून, लोकांना विचारून उत्तरे लिहिली. त्यांतली बरीच लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अजून जपलेली आहेत आणि भूकंपाचे अभ्यासक ती आजही वाचतात.